कॅमकॉर्डर, अंकीय : तज्ञ-परीक्षणांची तुलना व निवड

चलच्चित्र टिपणारा कॅमेरा, त्याबरोबरचा ध्वनी ग्रहण करणारी यंत्रणा आणि या दोहोंचे मुद्रण करणारे साधन ही सर्व एकाच आवरणात असलेल्या व हातात धरून वापरता येणाऱ्या उपकरणास कॅमकॉर्डर म्हणतात. ‘कॅमेरा’ व ‘रेकॉर्डर’ या दोन शब्दांच्या संयोगाने हे नाव तयार झाले आहे. चित्र व ध्वनी यांची माहिती अंकांच्या रूपात साठविणारा तो अंकीय कॅमकॉर्डर होय. दुकानात काही मिनिटे हाताळून या उपकरणाचे गुणदोष कळत नाहीत. मंद प्रकाशात त्याचे चित्र कसे येते, चालता चालता केलेले चित्रण किती स्थिर राहते, तासाभराच्या सलग मुद्रणानंतर विद्युत् घट पुरतो की नाही, हे प्रत्यक्ष वापरानंतरच समजते. म्हणून ग्राहक तज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या परीक्षणांचा आधार घेतो. तथापि एकाच उपकरणाविषयी दोन जाणत्या परीक्षकांची मते पुष्कळदा भिन्न आढळतात. ही भिन्नता बहुधा एकाच्या चुकीमुळे निर्माण झालेली नसते. दोघांनी वेगळे प्रश्न विचारलेले असतात, वेगळ्या परिस्थितीत मोजमापे घेतलेली असतात आणि वापरणाऱ्याच्या वेगळ्या गरजा गृहीत धरलेल्या असतात. यास्तव परीक्षणांची तुलना म्हणजे त्यांतील अंतिम गुणांची तुलना नव्हे. प्रत्येक गुण कशाचा, कसा व कोणासाठी दिला आहे, हे पाहणे म्हणजे तुलना होय. या निवडीला एक विशेष महत्त्व आहे. उपकरण बदलता येते. परंतु ज्या विवाहाचे, कीर्तनाचे किंवा वृद्ध व्यक्तीच्या बोलण्याचे चित्रण त्याने करावयाचे, तो प्रसंग पुन्हा घडत नाही.

ऐतिहासिक आढावा : घरगुती वापराचा पहिला कॅमकॉर्डर सोनी कंपनीने १९८३ मध्ये ‘बीटामूव्ही’ या नावाने विक्रीस आणला. त्यात केवळ मुद्रण करता येई; मुद्रित चित्र त्यातच पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. १९८४ मध्ये जेव्हीसी कंपनीने लहान व्हीएचएस कॅसेटवर चालणारा व पुनर्दर्शनाची सोय असलेला कॅमकॉर्डर काढला. यानंतर आठ मिलिमीटर रुंदीच्या फितीचे प्रकार रूढ झाले. या सर्वांत चित्राचे संदेश सदृश म्हणजे अनंकीय स्वरूपात साठविले जात. त्यामुळे प्रतीवरून प्रत काढताना चित्र उत्तरोत्तर बिघडत असे. १९९५ मध्ये ‘डीव्ही’ ही अंकीय पद्धती प्रचारात आली. तीत ६·३५ मिमी. रुंदीच्या फितीवर सेकंदाला सुमारे २५ मेगॅबिट या वेगाने चित्राची माहिती साठविली जाते. त्याच वर्षीच्या सोनी व्हीएक्स-१००० या कॅमकॉर्डरमध्ये तीन प्रतिमा-संवेदक होते व मुद्रित माहिती ‘फायरवायर’ या जोडणीद्वारे संगणकात जशीच्या तशी उतरविता येत होती.

त्यानंतरच्या वीस वर्षांत साठवणीची माध्यमे झपाट्याने बदलली. हिताची कंपनीने २००० मध्ये डीव्हीडी तबकडीवर मुद्रण करणारा कॅमकॉर्डर आणला. २००३ मध्ये उच्च विभेदनाची ‘एचडीव्ही’ पद्धती आणि २००६ मध्ये सोनी व मात्सुशिता (पुढे पॅनासॉनिक) यांनी मिळून ठरविलेली ‘एव्हीसीएचडी’ पद्धती पुढे आली. फितीची जागा प्रथम फिरत्या चुंबकीय तबकडीने व नंतर स्मृतिपत्राने (मेमरी कार्डाने) घेतली. २०१४ च्या सुमारास ३,८४० × २,१६० चित्रबिंदूंचे, म्हणजे ‘४-के’ चित्रण सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात येऊ लागले. तोपर्यंत भ्रमणध्वनी व स्थिर छायाचित्रणाचे कॅमेरेही चांगले चलच्चित्रण करू लागल्यामुळे घरगुती कॅमकॉर्डरची बाजारपेठ आकसली. त्यामुळे आज या उपकरणाची परीक्षणे संख्येने थोडी व वयाने जुनी आढळतात आणि ती अधिक सावधपणे वाचावी लागतात.

गुणवत्ता ठरविणारे घटक : भिंगातून आलेला प्रकाश प्रतिमा-संवेदकावर पडतो, संवेदक त्याचे विद्युत् संदेशात रूपांतर करतो, संस्करण करणारी मंडले त्या संदेशाचे अंकांत रूपांतर व संपीडन करतात आणि ही माहिती साठविली जाते. या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा चित्राची गुणवत्ता ठरवितो. संवेदक मोठा असेल, तर त्याला अधिक प्रकाश मिळतो व मंद प्रकाशातील चित्र स्वच्छ येते. त्याचा आकार इंचांत सांगण्याची प्रथा मात्र फसवी आहे. ती जुन्या काळच्या कॅमेरा-नलिकांच्या बाहेरील व्यासावरून पडली आहे. ‘एक इंची’ संवेदक प्रत्यक्षात १३·२ × ८·८ मिमी. असतो, तर ‘१/२·३ इंची’ संवेदक सुमारे ६·२ × ४·६ मिमी. असतो, म्हणजे पहिल्याचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या सुमारे चौपट भरते. झूमच्या बाबतीत प्रकाशीय झूम तेवढाच खरा मानावा. अंकीय झूममध्ये चित्राचा मधला भाग ताणून मोठा केला जातो; त्यामुळे वस्तू मोठी दिसली, तरी सामान्यतः नवा तपशील मिळत नाही.

परीक्षणांचे प्रकार : परीक्षणे स्थूलमानाने तीन प्रकारची असतात. (१) प्रयोगशाळेतील परीक्षण : यात ठराविक प्रकाशात, ठराविक आलेखपट समोर ठेवून मोजमापे घेतात. आकडे मिळतात व त्यांची पुनरावृत्ती करता येते. परंतु आलेखपट हालत नाही, त्यावर ऊन पडत नाही आणि तो बोलतही नाही. (२) वापर-परीक्षण : अनुभवी चित्रणकार ते उपकरण काही दिवस प्रत्यक्ष कामात वापरतो. बटणांची जागा, पडद्याची उन्हातील स्पष्टता, केंद्रीकरण (फोकस) चुकण्याचे प्रसंग यांविषयीची माहिती अशा परीक्षणातूनच मिळते. मात्र ती परीक्षकाच्या सवयींनी रंगलेली असते. (३) ग्राहक-संस्थांचे तौलनिक परीक्षण : यात एका वर्गातील अनेक उपकरणांची एकाच वेळी, एकाच पद्धतीने चाचणी होते. अमेरिकेतील कन्झ्यूमर्स युनियन (स्थापना १९३६), ब्रिटनमधील कन्झ्यूमर्स असोसिएशन (१९५७) आणि जर्मनीतील श्टिफ्टुंग वारेनटेस्ट (१९६४) या अशा कामासाठी प्रसिद्ध असलेल्या संस्था होत. भारतात अहमदाबाद येथील कन्झ्यूमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर (१९७८) या संस्थेने विविध वस्तूंच्या तौलनिक चाचण्या प्रसिद्ध केल्या आहेत. कन्झ्यूमर्स युनियनसारख्या संस्था चाचणीची वस्तू सामान्य ग्राहकाप्रमाणे बाजारातून विकत घेतात. याचे महत्त्व असे की, कारखानदाराने परीक्षणासाठी पाठविलेला नग निवडक असू शकतो. दुकानातील नग तसा नसतो.

मापनातील भेद व तुलनीयता : दोन परीक्षणांतील आकडे एकाच एककात दिलेले असले, तरी ते एकाच गोष्टीचे असतीलच असे नाही. पुढील बाबी त्या दृष्टीने लक्षात घेण्याजोग्या आहेत.

(अ) मंद प्रकाश : प्रदीपन ‘लक्स’ या एककात मोजतात. एका मेणबत्तीपासून एक मीटर अंतरावर सुमारे एक लक्स प्रदीपन असते. भर उन्हात ते एक लाख लक्सपर्यंत जाते, तर रात्री दिवे लावलेल्या घरात बहुधा ५० ते १५० लक्स असते. कारखानदाराने दिलेला ‘किमान अमुक लक्स’ हा आकडा कोणत्या उद्भासन-कालासाठी आहे, हे पाहणे आवश्यक असते. उद्भासन-काल १/५० सेकंदाऐवजी १/२५ सेकंद केला की संवेदकावर दुप्पट प्रकाश पडतो व किमान लक्सचा आकडा निम्म्यावर येतो. पण हालणारी व्यक्ती पुसट दिसते. संदेशाचे वर्धन सहा डेसिबेलने वाढविल्यास संदेश दुप्पट होतो, मात्र त्यातील गोंगाट, म्हणजे चित्रावरील कणीदारपणाही त्याबरोबर वाढतो. ‘शून्य लक्स’ असे वर्णन असेल, तर उपकरण स्वतःचा अवरक्त प्रकाश टाकून एकरंगी चित्र घेते, एवढाच त्याचा अर्थ असतो. एका परीक्षकाने किमान दिसणारे चित्र व दुसऱ्याने किमान स्वीकारार्ह चित्र प्रमाण मानले असेल, तर दोघांचे आकडे शेजारी मांडणे व्यर्थ होय.

(आ) विभेदनक्षमता : जवळजवळच्या रेषा वेगळ्या दाखविण्याची ही क्षमता होय. दूरचित्रवाणीच्या परंपरेत काळ्या व पांढऱ्या अशा दोन्ही रेषा मोजतात. प्रकाशविज्ञानात एक काळी व एक पांढरी मिळून एक जोडी धरतात. त्यामुळे एकाने दिलेले ‘८०० रेषा’ व दुसऱ्याने दिलेले ‘४०० रेषाजोड्या’ हे एकच माप असते. शिवाय काही उपकरणे चित्रातील कडा कृत्रिम रीत्या ठळक करतात. अशा चित्राला पाहता क्षणी ‘स्पष्ट’ म्हटले जाते. परंतु मोठ्या पडद्यावर चेहऱ्याभोवती पांढरी किनार दिसू लागते.

(इ) रंग : परीक्षक बहुधा चोवीस रंगचौकटींचा पट वापरतात व मूळ रंग आणि चित्रित रंग यांतील अंतर आकड्यात सांगतात. हे अंतर शून्याच्या जितके जवळ, तितका रंग यथातथ्य समजला जातो. तथापि अनेक प्रेक्षकांना किंचित भडक रंग आवडतात. म्हणून मोजमापात कमी ठरलेले उपकरण ‘पाहण्यास अधिक सुखद’ असल्याचे मत त्याच परीक्षणात आढळले, तर ती विसंगती समजू नये.

(ई) माहितीचा वेग : सेकंदाला किती मेगॅबिट माहिती साठविली जाते, हा आकडा गुणवत्तेचे माप म्हणून सर्रास दिला जातो, पण संपीडनाची पद्धती सारखी असेल, तरच तो तुलनेस उपयोगी पडतो. एचडीव्हीतील २५ मेगॅबिट व एव्हीसीएचडीतील २४ मेगॅबिट यांत आकडा जवळजवळ तोच असला, तरी दुसऱ्या पद्धतीचे संपीडन अधिक कार्यक्षम आहे. या आकड्याचा थेट उपयोग जागेच्या हिशेबासाठी करता येतो. सेकंदाला २४ मेगॅबिट वेगाने तासाला सुमारे ११ गिगॅबाइट, तर १०० मेगॅबिट वेगाने तासाला ४५ गिगॅबाइट जागा लागते.

(उ) स्थिरीकरण : हाताचा कंप घालविण्यासाठी भिंगातील घटक हलविणे ही प्रकाशीय पद्धत आणि चित्राच्या कडा कापून उरलेला भाग सरकविणे ही इलेक्ट्रॉनिक पद्धत होय. दुसरीत चित्राचा कोन अरुंद होतो. स्थिरीकरण मोजण्याची रीत परीक्षकागणिक बदलते. कोणी कॅमकॉर्डर हलत्या टेबलावर ठेवतो, कोणी हातात घेऊन जिना उतरतो. स्थिर उभे राहून चित्रण करणाऱ्यास व वरातीबरोबर चालत चित्रण करणाऱ्यास यांतील वेगवेगळी चाचणी उपयोगी पडते.

(ऊ) ध्वनी : बहुतेक परीक्षणांत चित्राला अनेक पाने व ध्वनीला एक परिच्छेद मिळतो. वास्तविक भाषण, गायन व मुलाखत यांच्या चित्रणात ध्वनी बिघडला, तर चित्र निरुपयोगी ठरते. बाहेरील ध्वनिग्राहक (मायक्रोफोन) जोडण्याचे छिद्र आहे काय, ध्वनीची पातळी हाताने ठरविता येते काय आणि मुद्रण चालू असताना तो कर्णश्रवणीतून ऐकता येतो काय, हे तीन प्रश्न गुणांकाच्या तक्त्यात नसले, तरी उपकरणाच्या वर्णनातून शोधून काढावेत.

गुण व भार : अनेक परीक्षणांच्या शेवटी दहापैकी किंवा शंभरपैकी एकच गुण दिलेला असतो. हा गुण म्हणजे निरनिराळ्या घटकांच्या गुणांना परीक्षकाने आपल्या दृष्टीने भार देऊन काढलेली सरासरी होय. काल्पनिक उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. ‘क’ या उपकरणास चित्रासाठी ९, स्थिरतेसाठी ६ व ध्वनीसाठी ५ गुण मिळाले; ‘ख’ या उपकरणास अनुक्रमे ७, ९ व ८ गुण मिळाले. एका परीक्षकाने या घटकांना अनुक्रमे ७०, २० व १० टक्के भार दिला, तर ‘क’ ला ८·० व ‘ख’ ला ७·५ गुण मिळतात. दुसऱ्याने ४०, ३० व ३० टक्के भार दिला, तर ‘क’ ला ६·९ व ‘ख’ ला ७·९ गुण मिळतात. मोजमापे तीच, उपकरणेही तीच. तरीही क्रम उलटला. म्हणून अंतिम गुण बाजूला ठेवून घटकवार गुण घ्यावेत व त्यांना आपल्या गरजेनुसार स्वतः भार द्यावा.

निरनिराळ्या परीक्षणांतील अंतिम गुणांची सरासरी काढण्याची पद्धत तर अधिकच दिशाभूल करणारी आहे. काही परीक्षकांच्या लेखी दहापैकी सात म्हणजे सामान्य, तर काहींच्या लेखी उत्तम. श्टिफ्टुंग वारेनटेस्ट या संस्थेच्या पद्धतीत तर जर्मन शाळांतील प्रथेप्रमाणे लहान अंक चांगला समजला जातो. शिवाय अनेक परीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र नसतात. कारखानदाराच्या एकाच माहितीपत्रकातील मजकूर पाच ठिकाणी छापून आला, तर पाच साक्षी मिळाल्या असे होत नाही. स्वतः मोजलेले आकडे, स्वतः घेतलेली चित्रे आणि चाचणीच्या परिस्थितीचे वर्णन यांवरून खरी साक्ष ओळखता येते. अशा दोन स्वतंत्र परीक्षणांत एकच दोष आढळला, तर तो एका नगाचा नसून त्या प्रकारच्या सर्व उपकरणांचा असण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

एक उदाहरण : सोनी कंपनीचे एफडीआर-एएक्स १०० (२०१४) व एफडीआर-एएक्स ५३ (२०१६) हे दोन कॅमकॉर्डर या दृष्टीने उद्बोधक आहेत. दोन्ही ४-के चित्रण करणारे आहेत. पहिल्यात एक इंची संवेदक व बारा पट प्रकाशीय झूम आहे. दुसऱ्यात १/२·५ इंची संवेदक व वीस पट प्रकाशीय झूम आहे. केवळ संवेदकाच्या क्षेत्रफळाकडे पाहिले, तर पहिला चौपटीहून अधिक सरस वाटतो. परंतु दुसऱ्याच्या भिंगाचे छिद्र रुंद कोनात एफ/२·० पर्यंत, तर पहिल्याचे एफ/२·८ पर्यंत उघडते. यामुळे दुसऱ्याच्या संवेदकाच्या दर चौरस मिलिमीटरवर सुमारे दुप्पट प्रकाश पडतो व मोठ्या संवेदकाचा लाभ त्या प्रमाणात घटतो. दुसऱ्यात भिंग व संवेदक यांचा संपूर्ण संच तरंगता ठेवून कंप शोषून घेतला जातो; त्याचा चित्रकोनही अधिक रुंद आहे. पहिल्यात तीव्र उन्हासाठी प्रकाश कमी करणाऱ्या अंतर्गत गाळण्या आहेत. तेव्हा चित्राचा पोत, पार्श्वभूमीचा पुसटपणा व उन्हातील नियंत्रण यांना महत्त्व देणाऱ्याने पहिल्याची आणि लहान घरात, हातात धरून, चालत चित्रण करणाऱ्याने दुसऱ्याची शिफारस केली, तर दोघांचेही म्हणणे बरोबर असू शकते.

परीक्षणाचा काळ व देश : वरील उदाहरणातील पहिला कॅमकॉर्डर विक्रीस आला, तेव्हा तो ४-के चित्रण सेकंदाला ६० मेगॅबिट वेगाने साठवीत असे, पुढे अंतर्गत आज्ञावलीत सुधारणा करून कंपनीने १०० मेगॅबिटची सोय दिली. आरंभीच्या काळातील परीक्षण या बाबतीत त्या वेळी खरे होते. नंतर खरेदी करणाऱ्यास ते अपुरे ठरले. म्हणून परीक्षणाची तारीख व आज्ञावलीची आवृत्ती पाहणे आवश्यक असते.

देशाचाही असाच संबंध येतो. अमेरिकेत वीजपुरवठ्याची कंप्रता ६० हर्ट्‌झ असून तेथील उपकरणे सेकंदाला ३० किंवा ६० चित्रे घेतात. भारतात ही कंप्रता ५० हर्ट्‌झ असून २५ किंवा ५० चित्रांची पद्धत रूढ आहे. भारतातील नळीदिव्यांचा (ट्यूबलाइटचा) प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. उद्भासन-काल १/५० किंवा १/१०० सेकंद असेल, तर प्रत्येक चित्रात प्रकाशाची पूर्ण आवर्तने सामावतात व चित्र स्थिर दिसते. १/६० सेकंद असेल, तर चित्रात लुकलुक दिसू शकते. अमेरिकन परीक्षणात हा दोष नोंदलेला नसतो, कारण तेथे तो त्या स्वरूपात उद्‌भवत नाही. परदेशातील नातेवाइकांकडून कॅमकॉर्डर मागविणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

स्थिर छायाचित्रणाच्या कॅमेऱ्याशी तुलना करतानाही अशी एक बाब लक्षात घ्यावी लागते. युरोपातील जकातीच्या वर्गीकरणामुळे अनेक वर्षे अशा कॅमेऱ्यांतील सलग मुद्रणाची मर्यादा २९ मिनिटे ५९ सेकंद ठेवली जात असे. जुना कॅमेरा घेणाऱ्यास दोन तासांच्या कीर्तनाच्या वा नाटकाच्या चित्रणात ही मर्यादा अडचणीची ठरते. चित्राच्या गुणांकात मात्र तिचा मागमूस नसतो.

परीक्षणांच्या कक्षेबाहेरील बाबी : परीक्षकाकडे उपकरण साधारणतः काही दिवस किंवा आठवडे असते, ग्राहकाकडे ते अनेक वर्षे आणि त्यावर केलेले चित्रण काही पिढ्या राहावयाचे असते. टिकाऊपणाविषयीची विश्वसनीय माहिती एका नगाच्या परीक्षणातून मिळू शकत नाही. अनेक ग्राहकांच्या अनुभवांच्या पाहणीतून ती काही प्रमाणात मिळते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न साठवणीच्या पद्धतीचा आहे. डीव्हीडी कॅमकॉर्डर सोयीचे म्हणून घेतले गेले. परंतु तबकडीवर समाप्ती-संस्कार केला नसेल, तर ती इतर अनेक यंत्रांत चालत नाही आणि मूळ कॅमकॉर्डर बंद पडल्यावर तीवरील चित्रण काढणे दुष्कर होते. डीव्ही फितींची चित्रगुणवत्ता त्या काळी वाखाणली गेली. आज त्या वाचू शकणारी चालू यंत्रे विरळ होत चालली आहेत आणि बहुतेक नव्या संगणकांत फायरवायर जोडणी नसते. सोनी कंपनीने लहान डीव्ही कॅसेटचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले. यावरून उत्तम गुण मिळालेल्या उपकरणावरील चित्रणही वेळीच दुसऱ्या माध्यमावर उतरविले नाही, तर ते नष्टप्राय होऊ शकते, हे दिसून येते. म्हणून मुद्रित माहिती सर्वसामान्य संगणकात खास आज्ञावलीवाचून उघडते काय, तिची प्रत सहज काढता येते काय व विद्युत् घट बदलून मिळतो काय, हे प्रश्न ग्राहकाने स्वतः विचारावयाचे असतात.

परीक्षकाची स्वायत्तता : परीक्षकास उपकरण कोणी दिले, ते परत करावयाचे होते काय आणि विक्रीतून त्याला काही वाटा मिळतो काय, यांवर परीक्षणाची विश्वासार्हता अवलंबून असते. उसने घेतलेल्या उपकरणाचे परीक्षण अप्रामाणिकच असते असे नाही. मात्र तो संबंध उघड केलेला असावा. भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, शिफारस करणाऱ्याचा उत्पादकाशी असा संबंध असेल की ज्याचा परिणाम शिफारशीच्या मूल्यावर होऊ शकेल, तर तो जाहीर करणे आवश्यक ठरविले आहे. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने सामान्य ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांचे संकलन व प्रसिद्धी यांविषयी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. असे अभिप्राय व तज्ञ-परीक्षण यांत भेद करावा. अभिप्रायांतून वारंवार उद्‌भवणारे बिघाड कळतात. दोन उपकरणांची सूक्ष्म तुलना त्यांतून होत नाही, कारण बहुतेक अभिप्राय देणाऱ्यांनी दुसरे उपकरण हाताळलेले नसते.

निवडीची पद्धत : वरील विवेचनावरून पुढील क्रम इष्ट ठरतो. (१) परीक्षणे वाचण्यापूर्वीच आपण कशाचे, कोठे व किती वेळ चित्रण करणार, हे लिहून काढावे. रात्रीच्या जागरण-गोंधळाचे चित्रण, शाळेच्या मैदानावरील क्रीडास्पर्धा आणि घरातील आजीच्या ओव्या यांच्या गरजा भिन्न आहेत : पहिल्यास मंद प्रकाशातील क्षमता व मोठा विद्युत् घट, दुसऱ्यास दीर्घ प्रकाशीय झूम व जलद केंद्रीकरण आणि तिसऱ्यास बाहेरील ध्वनिग्राहक हवा. (२) ज्या उणिवेमुळे काम होऊच शकणार नाही, ती असलेली उपकरणे प्रथम बाद करावीत. इतर गुणांनी तिची भरपाई होत नाही. (३) उरलेल्यांसाठी एक प्रयोगशाळेतील, एक वापराचे व शक्य तर एक ग्राहक-संस्थेचे अशी किमान तीन स्वतंत्र परीक्षणे घ्यावीत. (४) आकड्यांची तुलना एकाच परीक्षकाच्या परीक्षणांमध्ये करावी. निरनिराळ्या परीक्षकांकडून आकडे न घेता निरीक्षणे घ्यावीत. (५) मतभेद दिसल्यास चाचणीची परिस्थिती पाहावी. आपल्या परिस्थितीशी जुळणाऱ्या चाचणीस अधिक वजन द्यावे. (६) परीक्षकांनी नोंदलेले दोष घेऊन दुकानात जावे व तेवढेच तपासावेत. दिवे कमी करून खोलीच्या कोपऱ्याचे, चालताना आणि बोलताना असे तीन लहान तुकडे मुद्रित करून ते मोठ्या पडद्यावर पाहावेत.

या पद्धतीने निवडलेले उपकरण परीक्षणांच्या यादीत पहिले असेलच असे नाही. यादी करणाऱ्याने सरासरी ग्राहक डोळ्यांसमोर ठेवलेला असतो. प्रत्यक्ष चित्रण मात्र एका विशिष्ट व्यक्तीस, विशिष्ट प्रकाशात, एकदाच घडणाऱ्या प्रसंगाचे करावयाचे असते. तज्ञ त्या प्रसंगासाठी लागणारी माहिती पुरवितो. तिचा मेळ आपल्या गरजेशी घालण्याचे काम ग्राहकाचे असते.